पंच्याऐंशीची लेन्स

४ मार्च, सोमवार
आलो एकदाच्या सोलापुरात! मी आणि धाकटी महेश्वरी. दुधनीहून निघताना आईनं इतक्या कडक भाकरी बांधून दिल्यात की महिनाभर गॅस पेटवायला नको. महूचं कॉलेज, माझी राजशेखरअण्णांच्या फोटो स्टुडिओत नोकरी. अण्णा पन्नाशीचे, एकटा जीव. लग्नच केलं नाही म्हणे. त्यांनी कपाट उघडलं आणि सांगितलं, लग्नसराईचे फोटो तुलाच काढायचे हायत, लेन्स तूच निवड की. माझा आनंद गगनात मावेना.

५ मार्च
कपाटात तीन लेन्स: पस्तीस, पन्नास आणि पंच्याऐंशी मिलिमीटरच्या. तिन्ही जुन्या, हातानं कडं फिरवून फोकस करायच्या. खोलीवरच्या गच्चीत महूला उभं केलं. पस्तीसमधून मागच्या वायरी, टाक्या, वाळत घातलेल्या चादरी, सगळंच दिसतं. पन्नास बरी. पण पंच्याऐंशी! महूच्या डोळ्यांवर फोकस आणला आणि मागचं अख्खं शहर लोण्यासारखं मऊ झालं. फोटो बघून महू म्हणाली, अक्का, मी येवढी देखणी कुटं हाय? मी म्हटलं, नाहीसच, लेन्स देखणी आहे. हीच ठेवली. अण्णा म्हणाले, डोळ्यावरनं फोकस हलवू नको म्हंजे झालं. मला शिकवतात!

९ मार्च
आईच्या हट्टापायी महूचे स्थळासाठी फोटो काढले, बागेत. प्रत्येक फोटोत तिच्या मागे एक करडा डाग, माणसाच्या उंचीचा. तिथं कोणी नव्हतं, मी पाहिलं होतं. दिवसभर कशात लक्ष लागलं नाही.

११ मार्च
आज गच्चीतही तो डाग. राहवेना. महूला म्हटलं, हलू नको, आणि कडं फिरवून फोकस मागे नेला. बाई होती. करडी इरकल, डोक्यावर पदर, तोंड थेट माझ्याकडे. पुढे महू धूसर झाली. कॅमेरा डोळ्यावरून काढला तर बाई नाही. महू होती, पण तिचा चेहरा मला नीट दिसेना. ऊन लागलं असेल.

१३ मार्च
ऊन नाही. महूला घेऊन स्टुडिओत गेले. काउंटरवर ती बाई. तीच इरकल. अण्णा म्हणाले, अशी काय बघतीस, ही काशम्मा, माझी घरवाली, रोज चहा देती की तुला! मग महूकडे बघून विचारलं, ही कोण?

आईला फोन लावला. आई म्हणाली, मला तू एकटीच, कसली धाकटी गं? महूनं ऐकलं. ती रडत होती, आणि मला तिचे डोळे दिसत नव्हते. चूक माझीच. मीच फिरवलं कडं.

१४ मार्च
लेन्समधून धरली की स्पष्ट दिसते. तीळसुद्धा. कॅमेरा खाली ठेवला की विरते — काल कमरेपर्यंत, आज —

सकाळपासून धरून बसलेय. हात भरून आलेत.

१५ मार्च
मीही विसरेन म्हणून लिहून ठेवते. महेश्वरी. माझी बहीण. वय वीस.

डाव्या हातानं कडं, उजव्यानं हे. वहीकडे बघत नाही. एक मीटरच्या आत ही लेन्स फोकस होत नाही — तिला सांगितलंय, जवळ येऊ नको. ती म्हणतेय, अक्का, लई भ्या वाटतंय, मला धर की —

उठली. कडं फिरवतेय — संपलं, पुढे फिरत नाही — महू, माग —

ही मुलगी कोण? माझ्या गळ्यात पडून का रड