निर्माल्याची पिशवी

भवानी पेठ, सोलापूर
१२ ऑगस्ट २०२५

ती. विजयमालाअक्कास,
धाकट्या महेश्वरीचा शि. सा. न. वि. वि.

फोनवर तुला निम्मं ऐकू येत नाही आणि उरलेलं तू हवं तसं ऐकतेस, म्हणून पत्रच बरं. दुसऱ्या श्रावणी सोमवारी आलीस, घर भरल्यासारखं वाटलं. तू मागून नेलेली सिद्धरामेश्वरांची तसबीर टेंभुर्णीला देवघरात लावलीस का?

तू गेलीस त्याच मंगळवारी गल्लीत वाईट झालं. घंटागाडीवरची नागम्मा तू पाहिली आहेस. ओला-सुका कचरा वेगळा द्या म्हणून दीड वर्ष मी दारोदार फिरले, लोक मला कचराबाई म्हणाले, पण बावीस घरं तयार झाली. निर्माल्य तर आम्ही निराळ्या पिशवीत देतो. नागम्मा हारांतला दोरा काढते आणि फुलं कोपऱ्यावरच्या खताच्या पिंपात टाकते. त्या दिवशी कुणाच्या तरी निर्माल्यात फुटकी काच निघाली. तिचा उजवा तळहात पार चिरला. पिशवी कुणाची ते आठवत नाही म्हणते. मी मात्र शोधून काढणार आहे. अशा माणसाला लाज कशी वाटत नाही, अक्का?

बाकी क्षेम. गुडघ्याला तेल लावत जा, आणि धाकटीवरची माया पातळ होऊ देऊ नकोस.

तुझी,
महेश्वरी


टेंभुर्णी
२० ऑगस्ट २०२५

चि. सौ. महेश्वरीस,
अनेक उत्तम आशीर्वाद.

पत्र पोचलं. तसबीर आहे, काळजी नको. नागम्माचं वाचून जेवण गेलं नाही. तिच्यासाठी एक साडी पाठवते आहे, माझं नाव सांगून दे.

पण शोधाशोध कशाला करतेस? नाव कळल्यानं तिचा हात भरून येणार आहे का? कुणी भाबडेपणानंही टाकली असेल. शाळेत असताना पाटी हरवली म्हणून तू अख्खा वर्ग उलटापालटा केला होतास, आणि पाटी निघाली घरी. तेव्हा आता गप्प बस, माझं ऐक.

तुझ्या अंकिताच्या स्थळाचं काय झालं ते कळव. थोरलीचा लोभ आहेच.

अक्का


भवानी पेठ, सोलापूर
८ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
शि. सा. न. वि. वि.

साडी पोचवली. न पाहिलेल्या घरची साडी म्हणून नागम्मा कितीतरी वेळ हातात धरून बसली, डाव्या हातात. उजव्याची शीर तुटली आहे. दोन बोटं मिटत नाहीत आणि मिटणारही नाहीत, असं डॉक्टर म्हणाले. ठेकेदारानं तिला येऊ नको म्हणून सांगितलं.

तुझं ऐकलं नाही. काल रविवारी बायकांना जमवलं. काच पातळ होती, तसबिरीला असते तसली, आणि शेजारच्या मथुराबाईंच्या नवऱ्याचं तसबिरी मढवण्याचं दुकान आहे. सगळ्यांसमोर मी त्यांचं नाव घेतलं. त्यांनी नातवाच्या डोक्यावर हात ठेवून शपथ घेतली, रडत घरी गेल्या. आज सकाळी एकोणीस घरांनी सगळा कचरा एकाच पिशवीत बांधून दिला. वेगळा देऊन चोर ठरायचं असेल तर नकोच ते, असं त्या म्हणतात. दीड वर्षाचं काम एका दुपारी मातीत गेलं.

मी चुकले का, तूच सांग. तुझ्याशिवाय विचारू कुणाला?

तुझी,
महेश्वरी


टेंभुर्णी
१४ सप्टेंबर २०२५

चि. महेश्वरीस,
आशीर्वाद.

मथुराबाईंनी टाकली नाही. काच मी टाकली.

सोमवारी तसबीर पुसताना हातातून सुटली. अंकिताचं स्थळ यायचं होतं, फुटका देव बघून तुझ्या मनाला लागेल म्हणून तसबीर मागून घेतली आणि पदराखाली झाकून आणली. देवाच्या अंगावरची काच खरकट्यात कशी टाकायची? रद्दीत कशी? म्हणून फुलांत ठेवली. फुलांत कुणी हात घालतं हे मला ठाऊक नव्हतं. तू सगळं समजावून सांगत होतीस तेव्हा मी नुसती मान हलवत होते. बहिरी म्हणून घ्यायची लाज वाटते गं.

तुझं पहिलं पत्र आलं तेव्हाच उमगलं. लिहायला धीर झाला नाही, म्हणून साडी पाठवली. हवं ते बोल मला, पण पत्र टाकायचं थांबवू नकोस.

विजयमाला


भवानी पेठ, सोलापूर
२३ सप्टेंबर २०२५

ती. अक्कास,
नमस्कार.

मथुराबाईंच्या दारात जाऊन हात जोडले. त्यांनी दार लावलं नाही, पण आत या असंही म्हणाल्या नाहीत. गल्लीत सगळ्यांना खरं सांगितलं. कुणी ओरडलं नाही. कुणी वेगळा कचराही दिला नाही.

तुझ्यावर रागावायला बसले तर रागावता येईना. देवाची काच कदाचित मीही फुलांतच ठेवली असती. गल्लीला सांगत सुटले आणि माझ्या घरात, माझ्या सख्ख्या बहिणीपर्यंत पोचलं नाही.

मग नागम्माकडे गेले, तुझं सगळं सांगितलं. ती म्हणाली, "मला तवाच ठावं व्हतं, ताई. बाकीच्यांची फुलं मी हातमोजा घालून उपसते. तुमची पिशवी तेवढी उघड्या हातानं. तुमचं नाव निघालं असतं तर गल्लीत कुणी येगळं दिलं नसतं, म्हणून बोलले न्हाय." ज्यासाठी ती दीड महिना गप्प राहिली ते मी स्वतःच्या तोंडानं मोडलं होतं.

आज गाडीवर नवी बाई आली. मी निर्माल्यातलं एकेक फूल बाहेर काढून पाहिलं, पिशवी दोनदा चाचपली. तरी ती तिच्या हातात द्यायला माझा हात पुढे होईना. गाडी निघून गेली.

लोभ असू दे असं लिहायला आज पेन धजत नाही. तरी असू दे.

महेश्वरी