क्विन्बीचं पाचवं रीळ

मी, मोरेश्वर सुधाकर टिपणीस, वय एकोणसत्तर, राहणार रोटोटुना, हॅमिल्टन, न्यूझीलंड, हे मृत्युपत्र राजीखुशीनं लिहीत आहे. आज माझी बुद्धी शाबूत आहे. डॉक्टरांच्या मते ती वर्षभरही टिकणार नाही, म्हणून घाई. आधीची सर्व मृत्युपत्रं रद्द समजावीत.

१. घर आणि बँकेतली शिल्लक पत्नी नीलिमा हिला.

२. एल्बर्ट क्विन्बी या अमेरिकन दिग्दर्शकावरचं माझं अपुरं पुस्तक मुलगा शार्दूल याला. त्याला मराठी वाचता येत नाही, तरी ठेवावं. क्विन्बी मूळचा सुतार. १९११ ते १९१९ या काळात त्यानं अडतीस मूकपट काढले, स्टुडिओच्या मालकांशी भांडला आणि शेवटी त्याच स्टुडिओच्या फाटकावर पहारेकरी म्हणून मेला. सदतीस चित्रं जळाली किंवा भंगारात गेली. अडतिसावं न्यूझीलंडला आलं आणि इथून कुणी परत नेलंच नाही, म्हणून वाचलं. त्याची पाच रिळं मला एका बंद थिएटरच्या माळ्यावर सापडली. दिव्यासमोर हातानं सरकवत ती मी एकदाच पाहिली.

३. इथल्या चित्रपट संग्रहालयाचा माणूस ती रिळं दोनदा मागायला आला. माझ्या पुस्तकाआधी कुणी पाहू नये म्हणून मी दिली नाहीत. शार्दूल म्हणाला, "बाबा, जस्ट गिव्ह इट टू देम." मी त्याच्यावर ओरडलो. मग लोणच्याच्या बरणीसारखे डबे बंद केले. झाकणाभोवती मेण, वर चिकटपट्टी. हवा लागली की नासतं, एवढंच आईकडून शिकलेलो. जुनी फिल्म कोंडली की स्वतःच्याच वाफेनं कुजते, हे कुणाला विचारायची मला गरज वाटली नाही. नीलिमा म्हणायची, "अहो, एकदा उघडून तरी बघा." अकरा वर्षांनी उघडले. आत तपकिरी भुकटी. क्विन्बीला दुसऱ्यांदा मी मारलं, आणि मला त्याची लाज वाटते.

४. मेहुणा रवींद्र मला चारचौघांत भंगारवाला म्हणाला होता. रिकामे डबे त्याला द्यावेत. त्याचं बरोबर ठरलं.

५. पाचवं, शेवटचं रीळ पाहिलेला मीच एक उरलो आहे. ते संग्रहालयाला असं देतो: संध्याकाळ. घोडा रिकाम्या खोगिरानं परत येतो. बाई कंदील घेऊन बाहेर येते, खोगिरावरून हात फिरवते, लगाम खांबाला बांधते. आत टेबलावर दोन ताटं मांडलेली. एक उचलून फळीवर ठेवते. दाराकडे पाठ करून उभी राहते. मग सावकाश वळते.

वळून तिनं काय केलं, ते गेल्या महिन्यापर्यंत मला माहीत होतं.

सही: मो. सु. टिपणीस

त्यांनी हे वाचून आमच्या दोघींच्या देखत सही केली:
सुनेत्रा प्रभुदेसाई, शेजारीण
वल्लरी कारखानीस, शेजारीण

हॅमिल्टन, १४ ऑगस्ट २००८