कप्तानाची डुलकी

प्रिय ठकू,

लगागा, लगागा, लगागा, लगागा! केबल समुद्रात उतरताना जहाजावरचं चाक याच चालीत घरघरायचं. शाळेत भुजंगप्रयात घोकलेला मी, चाकाशी उभा राहून कविता म्हणायचो आणि तुझे बाबा ओरडायचे, "मेहुणेबुवा, आवरा, समुद्राला झोप येईल!"

काल तुमच्या कंपनीची गुंतवणूकदारांसाठी छापलेली चकचकीत पुस्तिका आली. मजकूर तुझा, म्हणून चष्मा पुसून वाचायला बसलो. नवव्या पानावर चहा हातातच निवला. "जुन्या केबलला इथे उगाच वळसा आहे, कारण कप्तानाला डुलकी लागली होती. आमची केबल सरळ जाईल. अंतर कमी, संदेश जलद, परतावा उत्तम." वा गं वा! नकाशावर पट्टी ठेवून रेघ मारली की तुमच्या साहेबांना समुद्र कळला? पाहणीवाल्यांनी तळाचे खडक दाखवले असतीलच ना? मग ते पान कुणी गिळलं?

तुझ्यावर चिडलोय, आणि त्याहून जास्त स्वतःवर. डुलकीची गोष्ट मीच रचली होती. सहा वर्षांची तू, नकाशातल्या वाकड्या रेघेवर बोट ठेवून "मामा, ही अशी का?" म्हणालीस आणि मी कप्तानाला झोपवून मोकळा झालो. कुणालाही डुलकी लागली नव्हती. पहिली केबल सरळच टाकली होती, धारदार खडकांवरून. ती घासून तुटली. दुरुस्तीला वर ओढताना खडकात अडकली, ताणली गेली आणि सुटली. तुझे बाबा तापाने गेले नाहीत गं. त्या फटक्याने गेले. वळसा त्यानंतरचा आहे. तुला सांगायचं नाही, अशी ताईने, तुझ्या आईने, मला शपथ घातली होती. ती आज मोडली.

कारण तुमचं जहाज सोमवारी निघतंय. केबल तुटली की ती जोडायला माणसंच जातात, कुणाचे तरी बाबाच. नववं पान मागे घे. रेघ वाकवायला लाव.

पाकीट चिकटवणार तोच बेल वाजली. गुडघ्यांपायी दोन वर्षं घराबाहेर न पडलेली ताई दारात, धापा टाकत! मी पत्र पाठीमागे लपवलं. "लपवतोस काय? मीही वाचलंय नववं पान," ती म्हणाली. "शपथ मी घातली, मीच सोडवते. आधी पाणी दे, मग तिच्या ऑफिसात चल."

तेव्हा हे पत्र हातातच देतो. आम्ही निघालोय.

तुझाच,
मामा