कावळ्याच्या वाटेने अर्धा मैल

१४ नोव्हेंबर

प्रिय दादा,

नमस्कार. वहिनी आणि पोरं मजेत ना? इकडे थंडी पडलीय, माझा खोकला ठरल्याप्रमाणे मुक्कामाला आलाय. बाकी ठीक. फोनवर तू दोन वाक्यांत आवरतं घेतोस, म्हणून लिहितेय.

आमच्या अँब्युलन्सच्या कंट्रोल रूममध्ये इंग्रजी बोलणाऱ्याचा फोन आला की सगळे माझ्याकडे बोट दाखवतात. मंगळवारी दुपारी एका परदेशी पर्यटकाचा फोन आला. तलावाकाठी एक म्हातारे गृहस्थ पडलेत, पाय मोडलाय, कपडे ओलेचिंब, अंग गार पडत चाललंय. कुठे? तर बोट क्लबपासून ‘स्टोन्स थ्रो’वर. म्हणजे दगड भिरकावला तर पोचेल, इतकं जवळ. मी वायरलेसवर सांगितलं, “बोट क्लबपासून हाकेच्या अंतरावर.”

गाडी पोचली. ड्रायव्हर म्हणाला, “ताई, हाका मारून घसा बसला. इथे चिटपाखरू नाही.”

मी त्या पर्यटकाला पुन्हा विचारलं. तो वैतागला. “अहो, क्लब मला समोर दिसतोय! ‘ॲज द क्रो फ्लाइज’ फार तर अर्धा मैल!”

कावळा उडेल तसं, सरळ. कावळा पाण्यावरूनही उडतो. ते दोघं पलीकडच्या काठावर होते, आणि तिकडचा रस्ता अख्ख्या तलावाला वळसा घालून जातो. “गाडी राहू दे, बोट काढा!” मी वायरलेसवर ओरडले.

बोट सुटेपर्यंत त्याला बोलतं ठेवलं. “त्यांना झोपू देऊ नका. नाव विचारा.”

“नाव नाही सांगत. एकच शब्द म्हणतायत. गन... गंडिया?”

गुंड्या. तुला या नावाने हाक मारणारं माणूस जगात एकच आहे.

मी हेडफोन काढला नाही. फोनवर त्या माणसाकडून तीन-तीनदा घोकून घेतलं, ‘गुंड्या येतोय’. बोट काठाला लागेपर्यंत बिचारा अडखळत तेवढंच म्हणत राहिला.

बाबा वाचले. पायात सळई घातलीय. गेलं वर्षभर ते असे घरातून निघून जातायत. तुला कळवलं नाही, कारण त्यांचं काही कळवायचं नाही असं तूच बजावलं होतंस.

मला ते सिस्टर म्हणतात. काल म्हणाले, “सिस्टर, लवकर सोडा हो. गुंड्याची शाळा सुटेल, आणायला जायचंय.” तुमचं ते भांडण त्यांच्या लेखी झालेलंच नाही, दादा. ते आता एकट्या तुझ्याकडे उरलंय.

तुझी वाट बघणारी,
आणि सध्या बाबांची कुणीच नसलेली,
छोटी