कपाटामागची भिंत

लोणावळे, श्रावण वद्य पंचमी, संध्याकाळ

वास नुसता पावसाचा नव्हता. मी केव्हापासून म्हणत होते, आणि हे दर वेळी म्हणत, "लोणावळ्यात कपडेच वाळत नाहीत, वास यायचाच." आज हे स्टेशनात कामावर गेल्यावर मीच मनूच्या पाळण्यामागचं कपाट ओढून पुढे घेतलं. मागची भिंत बुरशीनं काळीहिरवी झालेली, हात लावला तर ओली. आणि पोर सारखं खोकतंय!

घराच्या मालकीणबाई शेजारीच राहतात, आम्ही त्यांना मावशी म्हणतो. त्यांना हाक मारताना जीव कचरला. माझ्या बाळंतपणात त्यांनीच सगळं केलं. त्यांच्या घराला नावं कशी ठेवायची? पण बोलावलं.

मावशींनी भिंतीवर तळवा टेकला आणि तसाच ठेवला. म्हणाल्या, "माजी धाकटी हितंच निजायची. लय खोकायची. आमाला वाटलं, थंडी बाधली. त्यातच गेली ती."

त्यांनी तळवा पदराला पुसला आणि मनूला उचललं. "हितं न्हाई निजवायचं आता. माज्या चुलीपाशी चल."

मनू तिथं गाढ झोपला आहे. मावशी मात्र उंबऱ्यावर बसून आहेत. त्यांना दाखवायला नको होतं का मी? पण न दाखवता मनूचं काय केलं असतं? भिंतीवरचा तो तळवा डोळ्यांपुढून हलत नाही.

मघाशी त्यांना वाढलं, तर ताट माझ्याकडे सरकवून म्हणाल्या, "तू जेव गं. तुजं अंगावरचं पोर हाय."