हलकं नको, जडच द्या

प्रिय नदीन हिला थोरल्या बहिणीचे भरघोस आशीर्वाद.

तुझा गुडघा कसा आहे? डॉक्टरांनी दिलेलं तेल रोज चोळतेस, की बाटली उशाशी ठेवून नुसती बरं वाटण्याची वाट बघतेस (आईची ही खोड आपल्या दोघींत तुझ्याच वाट्याला आली)? वरच्या मजल्यावरचा तो ढोल बडवणारा भाडेकरू गेला का? आणि तुझं मांजर अजून फक्त डब्यातले मासे खातं का? डेटनला आत्ता थंडी सुरू झाली असेल. इकडे आमच्या खोऱ्यात ओढ्याला पाणी कमी आहे, घेवडा आणि टोमॅटो बरण्यांत भरून तळघरात लावून झाले, आणि माझी प्रकृती, मनगट सोडल्यास, उत्तम आहे. मनगटाचं पुढे येईलच. हे सगळं फोनवर सांगता आलं असतं, पण फोनवर तू मला वाक्य पुरं करू देत नाहीस, आणि हे वाक्य फार लांब आहे.

तुझा रक्तदाब चढू नये म्हणून चांगली बातमी आधीच सांगून टाकते. मी लुईव्हिलला राहायला जात नाही. घर विकलं जात नाही. स्वयंपाकघराच्या खिडकीतून मला आजही तोच डोंगर दिसतो आहे आणि त्याच्याकडे बघत मी हे पत्र लिहिते आहे. कितीतरी महिन्यांनी मी परवा रात्री कूस न बदलता झोपले. डोक्यावरचं ओझं उतरलं म्हणजे काय ते मला या वयात कळलं.

झालं असं की एप्रिलमध्ये ओढ्याखालच्या कॉम्ब्सबाईंच्या घरात चोर शिरला. बाई घरात नव्हत्या. त्यांच्या पाठदुखीच्या गोळ्या, लाकडं कापायची करवत आणि फ्रिजमधलं अर्धं हॅम घेऊन गेला (गोळ्यांचं आणि करवतीचं त्या विसरल्या, हॅमचं अजून काढतात). ही बातमी माझ्या लेकाच्या, कर्टिसच्या, कानावर गेली. तो विमा कंपनीत आहे, त्यामुळे त्याला कोणत्याही घराकडे पाहिलं की घर दिसतच नाही, नुसती संकटं दिसतात. पुढच्या रविवारी तो लुईव्हिलहून गाडी हाणत आला, माझी दोन ताटं भरून जेवला आणि मग त्याने अट घातली. नोव्हेंबरातल्या थँक्सगिव्हिंगच्या आत मी हातात धरायचं एक हत्यार घरात ठेवायचं आणि ते त्याच्यासमोर भरून, उडवून, नेम लावून दाखवायचं. नाहीतर घर विकायचं आणि त्याच्या तळघरातल्या खोलीत राहायला जायचं. मी विधवा झाले तेव्हा होबर्टची लांब बंदूक रीतीप्रमाणे कर्टिसच घेऊन गेला होता, आणि मी होबर्टला ती बंदूक कधी ओसरीच्या आत आणू दिली नव्हती हे त्याला चांगलं ठाऊक होतं. चार जुलैच्या फटाक्यांना मी कानांवर उशी धरून बसते. त्यामुळे अट घालताना त्याच्या चेहऱ्यावर जो निवांतपणा होता, तो मला तेव्हाच खटकायला हवा होता.

पैसे म्हणशील तर होबर्टची मासेमारीची होडी विकून आलेले चारशे डॉलर तेवढे माझ्याकडे होते. त्यातच हत्यार, त्यातच काडतुसं, त्यातच कुलपाची पेटी. मला वाटलं, चर्चमध्ये विचारावं. तीच माझी पहिली चूक. शनिवारी पुरुषमंडळींची न्याहारी असते आणि आम्ही बायका वाढायला असतो. पावासारख्या मऊ बिस्किटांवर ग्रेव्ही घालता घालता मी सहज म्हटलं की मला एक लहानसं पिस्तूल घ्यायचं आहे, कोणतं घेऊ? नदीन, बाप्तिस्मा बुडवून द्यावा की शिंपडून, यावरसुद्धा आमच्याकडे कधी एवढी जुंपली नव्हती. एका टेबलावर नऊ मिलिमीटरच्या गोळीवाले, दुसऱ्यावर पंचेचाळीसच्या गोळीवाले, आणि दोन्ही पंथांची खात्री की समोरच्याला स्वर्ग नाही. पास्टर क्लिफर्डनी तर चमचा खाली ठेवून पँटचा पाय वर केला आणि मोज्यातून चिमुकलं पिस्तूल काढून दाखवलं. (ते प्रवचनाला लंगडत चढतात म्हणून मी वर्षानुवर्षं त्यांच्या घोट्यासाठी प्रार्थना करत आले. त्या सगळ्या प्रार्थना आता कुठे जमा झाल्या असतील?) एका गोष्टीवर मात्र दोन्ही टेबलांचं एकमत झालं. बाईमाणसाने लहान घ्यावं आणि हलकं घ्यावं.

मग मी हमरस्त्यावरच्या मोठ्या दुकानात गेले. तिथल्या विक्रेत्याने आधी गुलाबी रंगाचं काढलं आणि म्हणाला की तुमच्या नखांना शोभेल. माझी नखं तू पाहिली आहेस. मग काळं काढलं. या पिस्तुलांची वरची बाजू आधी जोर लावून मागे ओढावी लागते, तेव्हा गोळी नळीत जाते. मी ओढलं. परत ओढलं. काउंटरला पाय लावून ओढलं. ते जागचं हलेना. विक्रेता फार गोड आवाजात म्हणाला की मावशी, घरात कोणी पुरुषमाणूस नाही का ओढून द्यायला? म्हणजे चोर आला की त्यालाच म्हणायचं, बाबा रे, आलाच आहेस तर एवढं जरा मागे ओढून दे. मी पर्स उचलली आणि बाहेर पडले.

ओढ्यापलीकडचा डेल्मर म्हणाला की मग रिव्हॉल्व्हर घ्या, त्याला काही ओढावं लागत नाही, आणि त्याच्या बायकोचं, पॅट्सीचं, त्याने उडवून बघायला आणलं. काय सांगू, इतकं गोजिरवाणं. वजन म्हणशील तर साबणाच्या वडीएवढं. मी मनातल्या मनात होडीचे पैसे मोजून मोकळी झाले. डेल्मरने गोठ्यामागे एका खांबावर बादली ठेवली, मी दोन्ही हातांनी धरलं आणि चाप ओढला. त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. चष्मा गवतात होता, डेल्मर पोटावर पालथा होता आणि बादली होती तिथेच होती. माझं मनगट संध्याकाळपर्यंत भोपळ्यासारखं झालं. (पॅट्सी ते रोज पर्समध्ये घेऊन फिरते आणि तिने ते आजवर एकदाही उडवलेलं नाही, हे डेल्मरने नंतर सांगितलं.) दुसऱ्या दिवशी मला कॉफीचं भांडं उचलेना. मला वाटलं, संपलं. आईच्या निळ्या ताटल्या खाली काढल्या, वर्तमानपत्रात गुंडाळायला बसले आणि तिसऱ्या ताटलीला रडायला लागले. त्या ताटल्या तळघरातल्या खोलीत कुठे मावणार होत्या? मीच कुठे मावणार होते?

आता राहिली होती फक्त ओपल रॅटलिफ. होय, तीच. होबर्टच्या आईच्या मयतीच्या जेवणात माझ्या डम्पलिंगच्या, रश्शातल्या कणकेच्या गोळ्यांच्या, पातेल्यात मला न विचारता, सगळ्यांदेखत मूठभर मीठ टाकणारी. तेव्हापासून ती चर्चमध्ये डावीकडे बसते आणि मी उजवीकडे. नवऱ्यामागे त्याचं वस्तू गहाण ठेवून घ्यायचं दुकान तीच चालवते. अर्ध्या भिंतीवर बँजो आणि अर्ध्या भिंतीवर बंदुका. मी दारात उभी राहिले तेव्हा तिने मान वर न करता विचारलं, "डम्पलिंग आणलीस का?"

मी बाही वर केली. मनगट बघून मात्र ती उठली. काउंटरला वळसा घालून आली, बोटांनी हळूच दाबून बघितलं आणि म्हणाली, "कोणत्या गाढवाने तुला हलकं घ्यायला सांगितलं?"

मी म्हटलं, सगळ्या चर्चने.

"मक्याचा पाव कशात भाजतेस तू?"

"बिडाच्या तव्यात."

"आणि तो तवा भट्टीतून काढायला शेजारी बोलावतेस?"

"एका हाताने काढते."

"मग? अगं, जड वस्तू धक्का स्वतःच खाते. हलकी असली की तो तुझ्या अंगावर टाकते. पुरुषांनी बायकांसाठी निवडलं की असंच निवडतात, दिसायला बाईच्या हाताएवढं."

तिने खालच्या कप्प्यातून एक जुनं रिव्हॉल्व्हर काढलं. कुठल्या तरी गावच्या पोलिसांनी नवी घेतली तेव्हा काढून टाकलेलं, लाकडी मुठीचं, रंग उडालेलं आणि चांगलं दणदणीत जड. पोलिसांनी वर्षानुवर्षं कमरेला लावून मिरवलं असेल, उडवलं क्वचितच, म्हणून आतून कोरं, असं ती म्हणाली. दुकानामागे कोळशाची जुनी खाण आहे, तिथे मला घेऊन गेली, कानांना झाकणं लावली आणि सौम्यातली काडतुसं भरली. मी देवाचं नाव घेतलं. आवाज झाला. डोळे उघडले तर चष्मा नाकावरच होता आणि समोरच्या कागदाला भोक पडलं होतं. मी मोठ्याने हसत सुटले. मला इतका आनंद होबर्टने मागणी घातली तेव्हाही झाला नव्हता (तेव्हा पाऊस होता आणि त्याने फार वेळ लावला).

पण भाव ऐकल्यावर हसू ओसरलं. नुसत्या रिव्हॉल्व्हरचेच ती चारशे मागत होती. काडतुसं, कानांची झाकणं, कुलपाची पेटी वेगळी. मी पर्स उलटी करून दाखवली. तिने पर्सकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाली की चारशेत सगळं देते, पण आधी म्हण, डम्पलिंगमध्ये मीठ कमी होतं. नदीन, तू ती डम्पलिंग खाल्लेली आहेस. मीठ अगदी बरोबर होतं. पण एका पारड्यात मीठ होतं आणि दुसऱ्यात माझं घर. मी म्हटलं, कमी होतं. ती म्हणाली, किती? मी म्हटलं, बरंच. मग तिने समाधानाने अर्ज पुढे सरकवला. त्यात सरकार विचारतं की तुम्ही फरारी आहात का. मी म्हटलं, अजून नाही, पण मुलगा लुईव्हिलहून निघाला की होईन. ओपलने मला दटावलं की या कागदावर विनोद करायचे नसतात, आणि वर सरकारात फोन लावून माझी चौकशी केली. वरूनही माझ्याबद्दल कोणी वाईट बोललं नाही.

महिनाभर ओपलने मला शिकवलं. गेल्या रविवारी कर्टिस आला. खाणीत त्याच्यासमोर मी भरलं, उभी राहिले, उडवलं. एक गोळी डोंगराला लागली, बाकीच्या कागदाला. तो टाळ्या वाजवेल असं वाटलं होतं. तो गाडीच्या मागच्या फळीवर जाऊन बसला. मी जवळ गेले तेव्हा बुटांकडे बघत म्हणाला, "आई, मला वाटलं होतं तू हातसुद्धा लावणार नाहीस. मी खोलीला रंग देऊन ठेवलाय. पिवळा. तुझ्या स्वयंपाकघराचा असतो तसला."

म्हणजे चोराची भीती हे निमित्त होतं. पोराला आई हवी होती आणि सरळ 'ये' म्हणायची सोय नव्हती, कारण सरळ म्हटलं की मी नाही म्हणते (हे खरं आहे). मला राग आला आणि मायाही, दोन्ही एकदमच. त्याला म्हटलं की नाताळात दोन आठवडे तुझ्या पिवळ्या खोलीत येते, बाकी वर्षभर तू इकडे येत जा. त्याने मान हलवली. जाताना दारात उभा राहून म्हणाला की घरात हे आहे म्हणून मी आता निर्धास्त असेन. मीही निर्धास्त आहे. घर माझं राहिलं, पोरगंही राहिलं. आणखी काय हवं?

तब्येतीला जप. तेल चोळ.

तुझी थोरली,
व्हर्लीन

ता.क. माझ्या लग्नात तू जी रजई शिवली होतीस, तिच्या निळ्या फुलांच्या कापडाचा हातभर तुकडा तुझ्या पेटीत उरला असेल तर हवा होता. कशाला, ते विचारू नकोस.

ता.क. २. तू विचारणारच, म्हणून सांगते. कर्टिस गेल्यावर मी पलंगावर बसून रिव्हॉल्व्हर पुसायला घेतलं. आधी सगळी काडतुसं काढली, मोजून पाच. पॅट्सीच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाच बसतात. माझ्या रिव्हॉल्व्हरमध्ये सहा बसतात. सहावी गोळी रजईतून गादीत, गादीतून जमिनीच्या लाकडी फळीत आणि तिथून तळघरात टोमॅटोच्या बरणीत गेली. रजईवर कोणी नव्हतं. मला काही झालेलं नाही. बरणी गेली.

ता.क. ३. रिव्हॉल्व्हर त्याच संध्याकाळपासून ओपलच्या तिजोरीत आहे. घरात कुलपाची पेटी तेवढी आहे, तिच्यात मी कात्री आणि दोरे ठेवलेत. परवाची शांत झोप त्यामुळेच लागली. पण कर्टिसला हे आज ना उद्या कळेल आणि पिवळ्या खोलीचा विषय परत निघेल. मी खूप विचार केला. घरात दुसरं माणूस राहायला असेल तर कर्टिसला बोलायला जागाच उरणार नाही. तेव्हा कापड पोस्टाने पाठवू नकोस. स्वतः घेऊन ये, मांजरही आण, आणि परतीचं तिकीट काढू नकोस. बस जिल्ह्याच्या गावापर्यंत येते. तिथे मी घ्यायला येईन. गाडी ओपल चालवेल.