मागून म्हणणारी

मुरूड, २४ जुलै २०२५

आदरणीय दादास,
सत्यशीलाचा सविनय जयभीम, वि. वि.

आठ दिवसांसाठी समुद्र पाहायला आले होते, आता समुद्रच मला पाहत बसला आहे. डावा पाय घोट्यात मोडला, प्लास्टर घातलं आहे. वहिनीला फोनवर कळवलं, पण घडलं कसं ते तुलाच सांगायला हवं, कारण पाठवणारा तूच. आणि तू तर फोनवर येत नाहीस. घसा बसलाय म्हणून विहारातल्या संध्याकाळच्या वाचनासाठी आवाज राखून ठेवतोस म्हणे. म्हणून हे पत्र.

तुझा भाचा संघदीप इथल्या हॉटेलात मॅनेजर, म्हणून समुद्राकडची खोली मिळाली. पावसाळ्यात हॉटेलात पाहुणे नाहीत. जेवणघरात खुर्च्या टेबलांवर उलट्या ठेवलेल्या असतात, चादरी वाळत नाहीत, आणि संघदीप रिकाम्या खोल्यांतले दिवे तपासत फिरतो. समुद्राचं म्हणशील तर फोटोतल्यासारखा निळा नाही. आपल्या नाल्याला पूर आल्यावर असतं तसं गढूळ पाणी आहे, आणि ते संपतच नाही.

तू सांगितलंस म्हणून कुड्याच्या लेण्यांना गेले. आत हात जोडून उभी राहिले आणि दादा, त्रिसरण तोंडातून निघेना. विसरले नव्हते रे. जन्मभर विहारात तू एक ओळ म्हणतोस आणि आम्ही मागून म्हणतो. तिथेही मी कोणीतरी सुरुवात करेल म्हणून वाट पाहत राहिले. संघदीपनं विचारलं की आई, काहून थांबली? तशीच परतले आणि उतरताना शेवाळावरून पाय गेला.

वहिनीला जयभीम, ममताला आशीर्वाद. तंबाखूचा खर्रा सोडलास असं वहिनी म्हणते. खरं असेल तर माझा लोभ आहे त्याहून वाढेल.

तुझी,
सत्यशीला


मारेगाव, ३ ऑगस्ट

प्रिय सत्यशीला हीस,
भीमराजचा सप्रेम जयभीम.

पाय मोडून घ्यायला यवतमाळ जिल्ह्यात जागा कमी पडली होती काय? असो. आता पडल्या पडल्या ऐक, तुझी सुटका नाही.

तू ज्या खाडीकाठी गेलीस तिथे दीड-दोन हजार वर्षांपूर्वी बंदर होतं. घाट उतरून माल यायचा, गलबतांत चढायचा. पावसाळा लागला की समुद्र बंद, वाटाही बंद. मग गावोगाव फिरणारे भिक्खू तीन महिने एका जागी राहायचे, तोच वर्षावास. त्यांच्यासाठी डोंगर कोरले ते काही फक्त राजांनी नाही. कोणी माळी होता, कोणी लोखंडाचा व्यापारी, त्यांची नावं भिंतीवर आहेत. पुस्तकात हे दोन ओळींत होतं. मी त्यावर आठवडा घालवायचो आणि हेडमास्तर माझ्या नावानं बोटं मोडायचे. नोकरीभर पोरांना बंदरं शिकवली, पण समुद्र पाहिला नाही. मास्तराची जात अशीच.

आपल्याही विहारात वर्षावासाचं ग्रंथवाचन रोज चालू आहे. सोयाबीनच्या निंदणाहून बाया थेट येतात, पाय धुऊन बसतात. आवाज मात्र साथ देत नाही. धुरपताबाई म्हणाली की मास्तर, तुमचा आवाज तं गंजल्या कडीवानी करून राह्यला. सगळे हसले, मीही हसलो. नागपूरच्या डॉक्टरनं घशातला इवलासा तुकडा तपासायला घेतला आहे. काळजीचं काही नाही. खर्रा सोडला आहे, बहुतेक.

पायाला जप. लोभ ठेव आणि पाय उशीवर ठेव.

तुझा,
दादा


मुरूड, १४ ऑगस्ट

आदरणीय दादास,
सविनय जयभीम.

काळजीचं काही नाही असं लिहिताना तुझा हात थांबला कसा नाही? वहिनीचा फोन आला होता. तपासणीत कॅन्सर निघाला, स्वरयंत्र काढावं लागेल, लगेच काढलं तर तू वाचशील, असं डॉक्टरांनी तुला समोर बसवून सांगितलं. आणि तू त्यांच्याकडे अश्विन पौर्णिमेनंतरची तारीख मागितलीस! वर्षावासाचं वाचन मोडता येत नाही म्हणून! वहिनी रडत होती की मले काही सुचून नाही राह्यलं, तुमचा भाऊ माह्यं ऐकत नाही, तुम्हीच सांगा.

म्हणून सांगते. गेल्या वर्षी तूच वाचून अर्थ लावून दिला होतास. वर्षावासात भिक्खूनं जागा सोडायची नाही, पण कोणी आजारी असेल तर सात दिवस जाता येतं. मी मागच्या रांगेत बसून ऐकलं होतं, झोपले नव्हते. भिक्खूला जी मुभा आहे ती मारेगावच्या रिटायर मास्तराला नाही का? ममता तुझ्याइतकंच स्वच्छ वाचते. तिला वाचू दे.

आवाज गेला तर दारात तू तरी बसलेला असशील. पाटीवर लिहून भांडशील माझ्याशी. तू गेलास आणि आवाज राहिला, असं कुठे असतं का? मला चालता येत असतं तर कान धरून नागपूरला नेलं असतं. इथे दिवसभर पडून ऐकते, समुद्र तेच तेच बोलतो आणि मला कोणाचंच ऐकू येत नाही.

लोभाचं नंतर पाहू. आधी तारीख बदल.

सत्यशीला


मारेगाव, २६ ऑगस्ट

प्रिय सत्यशीला,
सप्रेम जयभीम.

नियम तू बरोबर सांगितलास. मागच्या रांगेतल्या बाईला पैकीच्या पैकी मार्क. पण ती मुभा दुसऱ्याच्या आजारपणासाठी आहे, स्वतःच्या नाही, असं मी मनाशी म्हणालो. मग मलाच कळलं की ही मास्तराची पळवाट आहे.

आपल्या आबांना अक्षर येत नव्हतं. दीक्षा घेऊन नागपूरहून परतले तेव्हापासून त्यांना एकच ध्यास होता, की आपल्या घरातल्या कोणीतरी विहारात उभं राहून वाचावं. मला चौथीत असताना स्टुलावर चढवलं. खाली कंदील, समोर अख्खा मोहल्ला, आणि आबा सर्वांत मागे, कारण पुढे बसले तर रडू येईल म्हणायचे. शेवटच्या आजारातही मला घरी थांबू दिलं नाही. खाटेवरून म्हणाले की तू जा, वाच, मी इथूनच ऐकून राह्यलो. आपलं घर विहाराला लागून, म्हणून ऐकू जायचं. तेव्हापासून एकही वर्ष मोडलं नाही.

आणि खरं सांगू? मी भितो. मरणाला भितो त्याहून जास्त मुका होऊन ओट्यावर बसायला भितो. लोक येतील, हळू बोलतील, हातवारे करतील. तुझ्या वहिनीला, प्रभावतीला, हाक मारता येणार नाही. एवढं वाचन पुरं होऊ दे, मग खुशाल घेऊन जा म्हणतो आवाज. पौर्णिमा काही दूर नाही आणि गाठ कुठे पळून जात नाही.

रागाव, पण लोभ कमी करू नकोस.

दादा


मारेगाव, १२ ऑक्टोबर

प्रिय सत्यशीला,
सप्रेम जयभीम.

तुझी तीन पत्रं आली. उत्तर दिलं नाही, कारण तिन्हींत तुझं बरोबर होतं.

पौर्णिमेला वाचन पुरं झालं. शेवटचं पान मी वाचलं की नुसते ओठ हलवले, मलाच माहीत नाही. ममता शेजारी बसून तेच पान माझ्याबरोबर वाचत होती. खीर वाटली. धुरपताबाईनं मला दोनदा दिली आणि माझ्याकडे पाहिलं नाही.

दुसऱ्या दिवशी नागपूरला गेलो. डॉक्टरांनी नवे फोटो काढले आणि बराच वेळ पाहिले. गाठ पळाली नाही, पसरली. आता कापण्यात अर्थ नाही म्हणाले. तारीख दिली नाही, गोळ्या दिल्या. म्हणजे आवाज माझ्याजवळच राहणार आहे. मागितलं होतं तेच मिळालं, आता कोणावर रागावू? प्रभावती गाडीत माझा हात धरून बसली होती. ती भांडली असती तर बरं झालं असतं.

आता एक काम सांगतो. मोहल्ल्यात कोणी गेलं की त्रिसरणाची सुरुवात मी करतो. पंजाबरावाच्या वेळी केली, तुझ्या मालकाच्या वेळी केली, तेव्हा तू माझ्या मागून म्हणत होतीस. माझ्या वेळी सुरुवात कोण करेल? ममता बापासाठी रडेल की म्हणेल? बाकी सगळ्यांना मागूनच म्हणायची सवय. ती मीच लावली. दुसऱ्या कोणाला कधी पुढे उभं केलं नाही, हे आता सुचतं.

संघदीप म्हणाला की दुसऱ्यांदा घातलेलं प्लास्टरही आता निघालं. धावत येऊ नकोस. आधी काठी घेऊन त्या लेण्यात जा. या वेळी कोणाची वाट पाहू नकोस.

आशीर्वाद तर आहेतच. लोभ मात्र आता तुझाच मला हवा.

दादा


मुरूड, २१ ऑक्टोबर

माझ्या दादास,
जयभीम.

काल जाऊन आले. संघदीपनं मागून धरलं होतं. पायऱ्या वाळल्या होत्या. आत गेले, हात जोडले, आणि पुन्हा तसंच झालं. तोंड उघडेना. वाट पाहायची नाही असं तू लिहिलं होतंस, तरी पाहिली. मग कोणीही सुरुवात करणार नाही हे कळलं, आणि मी केली. माझाच आवाज मला परका वाटला. संघदीप मागून म्हणाला. मध्ये रडू आलं, पण पुरं म्हटलं. म्हणजे मला येतं. तुला हवं होतं ते झालं.

तुझ्यावरचा राग मात्र गेलेला नाही. तो माझ्याबरोबर गाडीत बसून येणार आहे. तू ज्याच्यासाठी हट्ट केलास ते वाचन ममतानं केलं असतं, आणि पुढच्या वर्षी ऐकायला तू मागे आबांच्या जागी बसला असतास. हे मी आता एकदाच लिहिते, घरी आल्यावर बोलणार नाही.

परवा निघते. इथल्या वाळूतला एक शंख तुझ्यासाठी घेतला आहे, समुद्र पाहिला नाहीस म्हणून. वहिनीला सांग, स्वयंपाकाची घाई करू नको.

आल्या दिवशी दिवेलागणीला आपण घरातच बसू. आवाज असेल तेवढ्या आवाजात तू सुरुवात करायचीस. नुसते ओठ हलले तरी मला कळेल. मी मागून म्हणेन. मला सुरुवात करता येते हे तुला कळलं, आता ते काही दिवस विसरून जा. मी येईपर्यंत थांब, दादा.

तुझी मागून म्हणणारी,
सत्यशीला